म्हणे दिल्ली ते दौलताबाद रस्ताच नव्हता

ताईच्या पोरीनं काल विचारलं, मामा, राजधानी हलवताना मुहम्मद तुघलकानं एका रात्रीत दिल्ली रिकामी केली आणि लोकांना बिनरस्त्याच्या जंगलातनं दौलताबादला हाकलत आणलं, हे प्रोजेक्टमध्ये लिहू का? कुठं वाचलंस म्हटलं तर फॅमिली ग्रुपवरचा तोच फॉरवर्ड, दाजींनी टाकलेला, मी महिनाभर बघून न बघितल्यासारखं करत होतो. पण आता पोरगी वहीत उतरवायला निघाली म्हणल्यावर गप बसवेना.

'रस्ताच नव्हता' हे तर लईच झालं. 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे याच दौलताबादवर, चालून आला, नंतर त्याचा सरदार मलिक काफूर आला, त्यांच्या फौजा काय उडत आल्या? वाट जुनीच, तुघलकाच्या काळात तिचा सरकारी थाट कसा होता ते इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानं लिहून ठेवलंय, आणि तो काही ऐकीव सांगत नाही, 1342 च्या सुमारास स्वतः दौलताबादला आलेला माणूस आहे. तो म्हणतो चाळीस दिवसांची वाट, दोन्ही बाजूला वाळुंजाची आणि दुसरी झाडं (वाळुंज हां, वाळूज एमआयडीसी नाही), बागेतनं चालल्यासारखं वाटतं, आणि मैलामैलात डाकेच्या तीन चौक्या, तिथं प्रवाशाला लागेल ते सगळं मिळतं. डाकवाल्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांब काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटा वाजली की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर कसून तयार. सुलतान दौलताबादला असला की त्याचं प्यायचं पाणी गंगेवरनं याच वाटेनं यायचं. हे सगळं जंगलातनं चाललं होतं का दाजी?

'दिल्लीत कुत्रं-मांजर उरलं नाही' हे मात्र फॉरवर्डवाल्याच्या पदरचं नाही, त्या काळचा इतिहासकार बरनी, त्यानंच तसं लिहिलंय. पण 1327-28 चे, म्हणजे स्थलांतराच्याच काळातले, दिल्लीच्या परिसरातले विहिरींचे संस्कृत शिलालेख आहेत, ओसाड गावात विहिरी कोण खोदतं? एका आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणलं, दौलताबादला नुसता त्याचा पाय पोचला, ही गोष्ट इब्न बतूताचीच, पण तो दिल्लीत आला 1334 ला, म्हणजे ही ऐकलेली.

लोकांवर जबरदस्ती झाली, वाटेत माणसं मेली, हे खरंय, मान्य. सुलतानानं वाटेत आणि इथं पोचल्यावरही सढळ हातानं मदत दिली असंही बरनीच सांगतो, पण घरदार सुटलं ते सुटलंच.

राहिला शेवटचा मुद्दा, सगळे परत गेले, इथं काही उरलं नाही. दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जा. याच स्थलांतरात आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब 1337 ला तिथंच वारले, दर्गा आहे, औरंगजेबाची कबर बघायला जाता ना, त्या दर्ग्याच्या समोरच. दिल्लीचा फारसी कवी अमीर हसन सिजझी पण तिथंच पुरलाय. औरंगजेबाची कबर बघायला जाता ना, त्या दर्ग्याच्या समोरच.

पोरीला सांगितलं, पहिलं पान फाड आणि घंटावाल्या डाकवाल्याचं चित्र काढ. दाजींनी ग्रुपवर अंगठा टाकलाय, फॉरवर्ड अजून डिलीट केला नाही.