क्वांटम संगणक येईल तेव्हा येईल, पॅकेटं आजच बदललीत

‘क्वांटम संगणक प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला नाही, मग त्याच्यापुढे टिकणारं एन्क्रिप्शन हवं म्हणून तुम्ही आत्तापासूनच कशाला बोंब मारताय? नवी अल्गोरिदम तरी कुठे टिकतात, त्यांतलं सायक (SIKE) फुटलंच की! आणि आयडीएसचा (नेटवर्कमधली घुसखोरी पकडणाऱ्या यंत्रणेचा) यात संबंध काय?’ असं तुम्ही विचारलंय.

आरएसए-२०४८ हे प्रचलित एन्क्रिप्शन फोडणारं यंत्र आज कुणाकडे नाही, हे कबूल. पण २०१९ मध्ये गिडनी आणि एकेरा या संशोधकांच्या हिशेबाने त्याला २ कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) लागणार होते. २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो आकडा १० लाखांच्या आत आणला. शिवाय आज कुणी तुमची एन्क्रिप्टेड वाहतूक पुढे फोडायला म्हणून नुसती साठवून ठेवत असेल, तर कुठल्याही आयडीएसची घंटा वाजणार नाही.

सायकचं म्हणाल तर ते २०२२ मध्ये फुटलं, तेही साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात. म्हणूनच तर ब्राउझर गुप्त किल्ली ठरवायला जुनी एक्स२५५१९ आणि नवी, क्वांटमपुढे टिकावी म्हणून केलेली एमएल-केईएम या पद्धती जोडीने वापरतात. एक फुटली तरी दुसरी उभी.

आता आयडीएस. इथे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही, कारण पहिला फटका तिथेच बसलाय. क्रोमने २०२४ च्या एप्रिलमध्ये १२४ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर ही जोडी (तेव्हा एमएल-केईएमच्या जागी तिचं आधीचं रूप, कायबर) सरसकट चालू केली. क्लायंट हॅलोत, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी ब्राउझर पाठवतो त्या पहिल्या संदेशात, पूर्वी ३२ बाइटची किल्ली जायची. आता तिच्या जोडीला ११८४ बाइट आले. इथरनेटची मर्यादा १५०० बाइट, त्यामुळे बाकीची एक्स्टेन्शन (त्या संदेशातले जादा रकाने) धरली की संदेश दोन पॅकेटांत जातो. पहिल्या पॅकेटातच सगळं मिळणार, असं धरून चाललेल्या काही फायरवॉलनी तर जोडणीच तोडली.

त्याहून चिवट भानगड वेगळीच आहे. क्रोम एक्स्टेन्शनचा क्रम दर वेळी पिसतो. म्हणजे साइटचं नाव, एसएनआय, कधी पहिल्या पॅकेटात, कधी दुसऱ्या. एकेक पॅकेट सुटं वाचणाऱ्या फिल्टरचा नियम मग सकाळी लागतो, दुपारी लागत नाही, आणि अ‍ॅडमिन बिचारा नियमातच चूक शोधत बसतो. स्नॉर्ट किंवा सुरिकाटा हे आयडीएस तुकडे जोडून वाचतात, त्यांना अडचण नाही. घरगुती स्क्रिप्ट आणि जुनी खोकी मात्र गोत्यात येतात.

वायरशार्क (पॅकेटं उलगडून दाखवणारं साधन) उघडा, क्लायंट हॅलोच्या की शेअर या रकान्यात ४५८८ हा या जोडीचा गट क्रमांक दिसतो का बघा. दिसला, तर त्याच जोडणीतल्या साइटचं नाव तुमच्या सेन्सरच्या लॉगमध्ये उमटलंय का, तेवढं इथे कळवा.