मांजर डूख धरून गादीवर मुतत नाही

कोल्हापुरातल्या राजारामपुरी-शाहूपुरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘मांजर डूख धरून गादीवर मुततं, त्याचं नाक तिथं घासा, जागा फिनेलनं पुसा.’ दोन्ही सल्ले चुकीचे, दुसरा तर घातक. काळ्या फिनेलमधली फिनॉलवर्गीय रसायनं मांजराच्या यकृताला नीट हाताळता येत नाहीत, आणि फरशीवरचं पायाला लागलेलं सगळं ते चाटतं. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनं धुवा. नाक घासल्यानं बिचारं फक्त भेदरतं. कारण बहुधा मूत्राशयाची जळजळ, खडे, ताण किंवा त्याच्या शी-शूचा घाण ट्रे असतं. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. बोका मात्र सारखा मुतायला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर २-३ दिवसांत तो दगावू शकतो. लगेच पशुवैद्य गाठा.