विरळणीने जखम झाकते, कुजलेले लाकूड सुधारत नाही

सागाच्या लागवडीविषयी एक दावा सध्या सर्रास पुढे पाठवला जातो: विरळणी केली, म्हणजे दाटीतली काही झाडे कापून काढली, की उरलेल्या झाडांच्या जखमा लवकर भरतात, त्यामुळे लाकूड आतून कुजत नाही, आणि कापलेल्या जागी डांबर फासले की उरलीसुरली भीतीही जाते.

जखमा लवकर भरतात, हे खरे आहे. दाटी कमी झाली की खोड झपाट्याने जाड होते आणि जखमेच्या कडांनी वाढणारे नवे लाकूड ती लवकर झाकते. पण त्यावरून कुज होत नाही, असे ठरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की झाड बिघडलेले लाकूड दुरुस्त करत नाही. ते त्याभोवती अडसर उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. १९७७ मध्ये मांडलेल्या त्यांच्या या प्रारूपानुसार, खोड १५ सेंटिमीटर जाड असताना जखम झाली, तर कुज बहुधा तेवढ्याच भागात राहते. नंतरचे लाकूड शाबूत राहते, जखम मिटल्याने आतली बुरशी मंदावूही शकते, परंतु पोखरलेला गाभा तसाच राहतो आणि आरागिरणीत ओंडका चिरल्यावरच तो उघडा पडतो.

शिवाय नव्या जखमा विरळणीतच होतात, याबद्दल हा दावा गप्प आहे. ओंडके ओढून नेताना वाटेवरच्या झाडांची साल बुंध्याशी सोलली जाते, आणि सर्वाधिक किमतीचे लाकूड नेमके तिथेच असते. म्हणून ओढणीच्या वाटा आधी आखाव्यात, वळणावरची काढायचीच असलेली झाडे घासणी सोसायला शेवटपर्यंत उभी ठेवावीत आणि साल सैल असते त्या वाढीच्या हंगामात हे काम टाळावे.

डांबराने कुज थांबत नाही. उलट त्याखाली ओल कोंडू शकते. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे दिसते, ते न दुखावता त्याच्या लगेच बाहेर काप घेणे अधिक उपयोगाचे आहे.

विरळणी हवीच, पण बेताने. एकदम फार झाडे काढली की अचानक आलेल्या उजेडाने सागाच्या खोडावर धुमारे फुटतात, त्यांच्या गाठी लाकडात उतरतात, आणि ते जाड झाल्यावर छाटले तर तितक्या नव्या जखमा होतात.