पोदेराने हाक मारली म्हणून

माझी आत्या ८१ वर्षांची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एकटी राहते. मुलगा बोटीवर, सून नातवंडांच्या शाळेसाठी वास्कोला, आणि मी फोंड्याला, गाडीने तासभर. सगळे म्हणतात अरे तू तर जवळच आहेस की. तासभर म्हणजे किती, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

आत्या रोज रात्री गेटला कापडी पिशवी अडकवते, सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, भोंपू वाजवत येतो, पिशवीत चार पाव टाकतो आणि पुढे जातो, हिशोब आठवड्याने. त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला आला तर सकाळचे पाव तसेच, पावसाने भिजून पार लगदा झालेला. दुसरा कोणी असता तर गेली असेल कुठेतरी म्हणून पुढे गेला असता. हा सायकल लावून आत शिरला, "आजी, सकाळचे पाव व्हेलेच ना गो?" (नेलेच नाहीत का गं) म्हणून ओरडला, तर मागच्या न्हाणीतून बारीक आवाज आला. सकाळी सातला पाय घसरून पडलेली आणि तेव्हा वाजले होते साडेचार. खुब्याचं हाड मोडलेलं. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, त्यावर माझे दोन मिस्ड कॉल, जे मी झोपली असेल म्हणून सोडून दिले होते. १०८ आली, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. असो.

हे सगळं आठवलं कारण परवा एका ग्रुपवर वाद चालला होता, म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवा म्हणून. वाढवा की, कोण नको म्हणतंय. आत्याला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये येतात आणि मी त्याची टिंगल करणाऱ्यातला नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ८० च्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा कितीतरी वर्षं २०० रुपयांवरच अडकलाय, त्यापुढे आपलं बरंच म्हणायचं. गोळ्या, गॅस, पाव निघतात त्यात. पण पैसे खात्यात जमा होतात आणि आत्या न्हाणीत पडते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येत नाही. उलट वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो तो तिनेच. म्हणजे आपण जिवंत आहोत हे तिने सरकारला कळवायचं, सरकारकडून तिच्याकडे कोणी बघायला आलेलं नाही. बँकेत केवायसीला नेलं तेव्हा तर अंगठाच उठेना, आयुष्यभर काजू सोलून आणि भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत, तिथली मुलगी म्हणाली उद्या या. उद्या! वॉकरवरच्या बाईला!

आपल्याकडे लहान मुलांसाठी अंगणवाडी आहे, १९७५ मध्ये सुरू झालेली ती योजना आज देशभर आहे, वाड्यावाड्यावर बाई आहे, तिला कुठल्या घरात कोण जन्मलं ते माहीत असतं. सत्तरीच्या पुढच्या माणसासाठी (वयाच्या सत्तरीबद्दल बोलतोय, तालुक्याच्या नाही) तशी एक बाई कुठे आहे? बाकी राज्यांत निदान आशा वर्कर दार वाजवतात, गोव्याने ती योजना घेतलीच नाही. राज्य लहान, दवाखाना जवळ, म्हणून गरज वाटली नसेल. पण खुबा मोडलेल्या माणसाला दवाखाना दोन किलोमीटर असला काय आणि वीस असला काय. आणि म्हातारी माणसं इथे थोडी नाहीत, २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे ८.६ टक्के तर गोव्यात ११.२, तेही पंधरा वर्षांपूर्वी. त्यानंतर किती पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन लंडनला गेली ते तुमच्याच वाड्यावर मोजा.

आता हिशोब. गोव्यात १९१ पंचायती. प्रत्येक पंचायतीत दोन बायका नेमा, गावातल्याच, महिना १५ हजार पगारावर, तर वर्षाला सात कोटीच्या आत बसतं. ट्रेनिंग, बीपीचं मशीन, स्कूटरचं पेट्रोल धरून दहा समजा. राज्याचं बजेट २५ हजार कोटींच्या पुढे गेलंय हो. कामं साधी, गोळ्यांचा डबा भरून देणं, शुगर तपासणं, न्हाऊ घालायला हात देणं, केवायसीला सोबत जाणं, आणि रोज नुसती एक हाक. पगारावर हं, मानधन नको आणि "सेवाभाव" तर अजिबात नको, तो शब्द आला की समजायचं बायकांना फुकट राबवणार.

केरळने हे करून दाखवलंय. २००८ मध्ये त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण केलं, पंचायतीच्या पैशातून नर्स गाडीने घरोघरी जाते, अंथरुणावरच्या माणसाची पट्टी बदलते, कॅथेटर बघते, शेजारचे स्वयंसेवक सोबत. आपल्याकडे समाज कल्याण खात्याची दिवसा ज्येष्ठांनी जमायच्या केंद्रांना अनुदान द्यायची योजना आहे, चांगलीच आहे, पण तिथे पोचतो तो चालता येणारा माणूस, भजन करून पत्ते खेळून घरी येतो. जो घरातून निघूच शकत नाही त्याचं काय?

कोणीतरी म्हणणारच की हे मुलांचं काम. २००७ चा कायदा आहे, आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते. आत्याचा मुलगा पैसे पाठवतो ओ, कधी चुकला नाही, पण नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट अर्ध्यात टाकून बोटीवरून उतरणार कुठे, समुद्रात? दुसरा सल्ला आझिलचा, म्हणजे वृद्धाश्रमाचा. प्रोव्हेदोरियाचे आहेत, पोर्तुगीज काळापासूनची संस्था, ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी ते लागतातच. पण आत्याला घर आहे, अंगणात तुळस आहे, चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तिच्याच घरी बांधतात. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "आझिलात घालू नका रे मला."

आमच्या ओळखीच्या पंचांना हे सगळं बोललो. ते म्हणाले, कल्पना बरी आहे पण पंचायतीकडे फंड नाही. बोलताना ते ज्या हॉलच्या पायरीवर उभे होते त्याला यंदा दुसऱ्यांदा टाइल्स लागल्यात.

सध्याची व्यवस्था अशी आहे की आत्याने पोदेरालाच सांगून ठेवलंय, पिशवी उचललेली दिसली नाही तर हाक मार. शेजारणीकडे चावी ठेवलीय. पोदेर त्याचे पैसे घेत नाही, चवथीला मी त्याला शर्टपीस दिला. पुढच्या महिन्यात तो पंधरा दिवस बेळगावला गावी जाणार आहे, बदली येणाऱ्या पोराला वाड्यावरची घरं अजून माहीत नाहीत.