डोंगर मधोमध नसला तरी चालतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिस्टोग्रामवरच्या माझ्या लेखाला आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत. (हिस्टोग्राम म्हणजे फोटोत डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख; त्यातला उंचवटा म्हणजे ‘डोंगर’.) म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा होत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तीस वर्षं फिल्मवर फोटो काढले, कुठलाही आलेख न बघता. हिस्टोग्राम ही डोळा तयार नसलेल्यांची कुबडी. रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढलं की पुढचं सगळं घरी दुरुस्त होतं. आणि ‘चांगल्या फोटोचा डोंगर मधोमध असतो’ असं लिहिणाऱ्या माणसाने त्याच लेखात रात्रीच्या दीपमाळेचा फोटो लावलाय, ज्याचा आलेख सगळा डाव्या भिंतीला टेकलेला असणार.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही मला रंगेहाथ पकडलंत. ते वाक्य चूक होतं, काढून टाकलंय. दीपमाळेच्या फोटोत तीन-चतुर्थांश चौकट काळोखाची आहे, तेव्हा बहुतेक पिक्सेल डावीकडेच जाणार. तो डोंगर मध्ये आणला असता तर रात्रीची दुपार झाली असती. याउलट वारीत पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या चौकटभर घ्या. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही, तो समोर येईल ते मध्यम राखाडी धरून चालतो. त्याच्या भरवशावर राहिलात तर सगळी धोतरं नीळ-साबण न लागल्यासारखी मळकट येतात. एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावा लागतो आणि डोंगर उजवीकडे सरकतो. तो तिथेच हवा. डोंगर कुठे बसेल ते समोरचं दृश्य ठरवतं. माझी नजर असते ती दोन कडांवर, ० (पूर्ण काळं) आणि २५५ (पूर्ण उजळ) वर, कारण तिथे चिकटलेल्या पिक्सेलमधला तपशील गेलेला असतो.

फिल्मबद्दल. निगेटिव्ह एखाद-दुसरा स्टॉप ओव्हर (जास्त प्रकाश लागलेली) झाली तरी लॅबवाला प्रिंट काढताना सांभाळून घ्यायचा, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. स्लाइडवर मात्र ती सोय नव्हती. उजळ भाग गेला की कोरी काच. डिजिटल सेन्सर त्या बाबतीत स्लाइडच्या जातीचा आहे. आणि आलेख नव्हता तेव्हा स्टुडिओवाले आधी पोलरॉइड (झटपट छापून येणारा फोटो) काढून बघतच होते की! कुबडी तेव्हाही होती, फक्त महाग होती.

आता जे मूळ लेखात लिहायला हवं होतं आणि राहिलं, ते.

काही वर्षांपूर्वी सोमवती अमावस्येला जेजुरीला होतो. भर दुपारचं ऊन, भंडाऱ्याची उधळण. डोक्यात तेव्हा ‘उजवीकडे ढकला’ हा सल्ला पक्का बसलेला. छायाचित्रकार मायकेल राइखमन यांनी २००३ मध्ये तो लोकप्रिय केला. त्यामागचं गणित खरं आहे : १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४०९६ पायऱ्या, त्यातल्या २०४८ एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये. म्हणून हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) न जाळता जेवढं उजळ घेता येईल तेवढं घ्यावं. मी स्क्रीनवरचा पांढरा आलेख बघत होतो. उजवीकडे चांगली जागा मोकळी दिसत होती, म्हणून आणखी अर्धा स्टॉप वाढवला.

घरी येऊन बघतो तर भंडारा गायब. म्हणजे पिवळा रंग होता, पण हळदीची भुकटी, तिचे कण, सदऱ्याच्या चुण्यांत साचलेला जाडपणा, काही नाही. कारण तो पांढरा आलेख तिन्ही रंगांची गोळाबेरीज असतो, आणि त्या बेरजेत हिरव्याला साधारण ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११. भंडाऱ्याचा एखादा पिक्सेल घ्या : लाल २५५, हिरवा १९०, निळा २०. बेरीज येते १९० च्या आसपास. आलेख म्हणतो, अजून पुष्कळ जागा आहे. लाल मात्र केव्हाच भिंतीवर आपटलेला. झेंडू, गुलाल, लाल नऊवारी, सगळीकडे हाच घोटाळा. तेव्हापासून मी लाल-हिरवा-निळा असे तिन्ही आलेख वेगळे दाखवणारी सेटिंग कधी बंद केलेली नाही.

राहता राहिलं तुमचं रॉ. यात तुम्ही अर्धे बरोबर आहात. रॉ काढत असलात तरी कॅमेरा आलेख दाखवतो तो आतल्या जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या फोटोवरून. त्यामुळे आलेख ‘जळालं’ म्हणतो तेव्हा रॉमध्ये बरेचदा थोडं शिल्लक असतं. पिक्चर स्टाइल (त्या जेपेगच्या रंगछटेची सेटिंग) न्यूट्रल आणि कॉन्ट्रास्ट कमी ठेवला तर दोघांतलं अंतर घटतं. पण जे रॉमध्येच भरून वाहिलं, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फार तर शेजारच्या रंगाच्या चॅनलवरून अंदाजाने भरतं.

जेजुरीला मी रॉच काढत होतो. ती फाइल अजून आहे. स्लायडर पार डावीकडे ओढून पाहिलाय. त्या म्हाताऱ्या भक्ताच्या खांद्यावर आजही भंडारा नाही, पिवळं ठिगळ आहे.