समुद्र दाखवतात, कागद दाखवत नाहीत

समुद्रकिनारी घर घ्यायचं, सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं आणि आपण घरबसल्या पैसे जमा झाल्याचे मेसेज वाचायचे, असा आमचा साधासरळ प्लॅन होता, आणि त्यात घर लायसनवालं, म्हणजे पर्यटकांना भाड्याने द्यायची सरकारी परवानगी असलेलं, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. एजंट 'लायसन' असं काही म्हणायचा की हात आपोआप जोडले जावेत.

फक्त ते बघायला मागितलं की त्याला समुद्र आठवायचा. "सर, आधी बाल्कनीत तर या!" गेलो बाल्कनीत. समुद्र होता, छानच होता, पण तो काय कुणाच्या नावावर नव्हता. लायसन होतं, आणि ते जुन्या मालकाच्या नावावर. मेख अशी की बऱ्याच ठिकाणी हे लायसन माणसाला मिळतं, भिंतींना नाही, त्यामुळे घर विकलं की ते संपलं आणि नव्या मालकाने पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा, त्यात त्या भागाचा कोटा भरला असेल तर बसा समुद्र बघत. एजंट म्हणाला, "ती नुसती फॉर्मॅलिटी आहे हो." मग या फॉर्मॅलिटीचे किमतीत एवढे जास्त का लावलेत, असं विचारलं तर त्याला फोन आला. त्याला अशा वेळी नेमका फोन येतो.

रात्री वाचत बसलो आणि झोपच उडाली. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दहा हजारांवर फ्लॅटची लायसन्स 2028 नंतर रिन्यूच करायची नाहीत. समुद्र तिथेच, फ्लॅट तिथेच, धंदा तेवढा गायब! न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून कडक अंमल सुरू झालाय, तीस दिवसांपेक्षा कमी राहायला येणारे पाहुणे जास्तीत जास्त दोन, आणि मालकानेही त्याच घरात त्यांच्यासोबत राहायचं. म्हणजे सुट्टी त्यांची, आणि मी सोफ्यावर बसून ती बघायची.

एजंटच्या हिशोबात मात्र वर्षाचे 365 दिवस घर फुल्ल. ऑफ सीझन नाही, कॅन्सलेशन नाही, बुकिंग साइटचं कमिशन नाही, प्रत्येक चेकआऊटनंतरची सफाई नाही, इन्शुरन्स तर नाहीच नाही. आणि खारी हवा? ती घर सावकाश खात बसते. एसीचं बाहेरचं युनिट, बिजागऱ्या, खिडक्यांचे स्क्रू, काही सोडत नाही. स्टेनलेस म्हणून लावलेल्या 304 ग्रेडच्या रेलिंगवरही तांबूस डाग पडतात, तिथे महागडं 316 लागतं, कारण त्यात खाऱ्या हवेतला गंज रोखणारं मॉलिब्डेनम असतं. हे मला हार्डवेअरवाल्याने सांगितलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात खरं बोललेला हा एकच माणूस, आणि त्यालाही 316च विकायचं होतं.

घर अजून घेतलेलं नाही, पण नातेवाइकांची बुकिंग्स सुरू झालीत, सगळी ऐन सीझनची आणि अर्थातच फुकट. मी म्हटलं, लायसनवर माणसांचा आकडा असतो, सहा म्हणजे सहा. मला वाटलं सुटलो.

मामेभाऊ म्हणाला, "सहा जण झोपायला ना? मग काही प्रॉब्लेम नाही, आम्ही बाकीचे रात्रभर पत्ते खेळू."