दायमाबादचा गेंडा कोणाला माहितीये का?

प्राण्यांवर आपलं लई प्रेम वगैरे म्हणतो आपण, पण खरं सांगू का, त्या प्राण्यावर देव बसलेला असेल तरच. उंदीर गणपतीचा, मोर सरस्वतीचा, नंदी महादेवाचा, आणि नंदीला हात लावायचा तोही आत दर्शनाला जाता जाता. नुसता प्राणी, कोणाचं वाहन नसलेला, असा कलेत दिसला की आपण पुढे सरकतो.

दायमाबादचंच बघा. अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका, प्रवरेच्या काठावरचं ओसाड गाव. 1974 साली तिथे एक भिल्ल शेतकरी सरपणासाठी झुडपाचं मूळ खणत होता आणि खाली लागले काय तर ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. सगळं भरीव ओतकाम, चारी मिळून वजन 60 किलोच्या वर! बहुतेक अभ्यासक हे उत्तर हडप्पा काळातलं (हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातलं), म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं मानतात. काहींना शंका आहे, कारण धातूत आर्सेनिक जास्त निघालं आणि वस्तू रीतसर उत्खननात सापडलेल्या नाहीत. असू दे शंका, असायलाच पाहिजे. पण हे आपल्या प्रवरेकाठी सापडलंय हे तरी किती जणांना माहितीये? मोहेंजोदडोची नाचणारी पोरगी सगळ्यांना पाठ, आणि घरचा गेंडा कोणाच्या गावीही नाही.

आणि काम काय आहे राव. रथ जेमतेम 45 सेंटीमीटर लांब, त्यात माणूस उभा, पुढे दोन बैल, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. मला तो कुत्राच सगळ्यात जास्त आवडतो. त्याचं तिथे काय काम होतं? रथ त्याच्यावाचून अडला नसता, तरी कोणीतरी मेण लावून साचा करून धातू ओतून तो केलाच ना, म्हणजे गाडी म्हटली की कुत्रं आलंच हे करणाऱ्याला ठाऊक होतं, आजही बैलगाडी निघाली की गावातलं एक तरी कुत्रं बरोबर चालतंच की.

आता गंमत बघा, इथेही देव शोधलाच आपण. मोहेंजोदडोच्या ज्याला पशुपती म्हणतात त्या मुद्रेवर, म्हणजे शिक्क्यावर, हत्ती, गेंडा, रेडा आहेत (वाघ पण आहे, तो इथे सापडला नाही), म्हणून काही अभ्यासकांनी रथातला माणूस म्हणजे पशुपती शिवच असावा असं मांडलं. असेलही. मी काही पुरातत्त्ववाला नाही. पण मला वाटतं की देव ठरला की आपण त्याच्याकडेच बघत बसतो आणि बैलाची पाठ, गेंड्याची जाड कातडी, रेड्याची शिंगं हे कोणी बघत नाही, आणि करणाऱ्याची खरी नजर तर तिथेच दिसते.

अजून एक, या प्राण्यांना खाली चाकं आहेत. हत्तीची चाकं गेलीत पण आसाची भोकं शिल्लक आहेत. म्हणजे ओढायची वस्तू, मिरवणुकीत असेल नाहीतर अजून कशात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरं चाकाचे लाकडी बैल ओढत नेतात ना, ते बघून मला हेच आठवतं. लगेच "चार हजार वर्षांची अखंड परंपरा" असले व्हॉट्सअॅप फॉरवर्ड बनवू नका प्लीज, मधल्या काळाचा पुरावा कुठे आहे? नुसतं सारखं दिसतं एवढंच म्हणतोय. पण पोरांना दाखवायला याहून भारी काय पाहिजे, सांगा.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात यातलं बघायला मिळतं. गेलात तर काचेला नाक लावून बघा, फोटो नंतर काढा. आणि श्रीरामपूर-बेलापूरकडचं कोणी इथे असेल तर दायमाबादच्या टेकाडावर आत्ता काय आहे, साधा एक बोर्ड तरी आहे का, ते कमेंटमध्ये टाका.